विशाखापट्टणमच्या पाण्यातल्या दोन पाणबुड्यांबद्दल महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

महाराष्ट्रातून लोकसभेत आणि राज्यसभेत गेलेल्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

लोकसभेतले ४८ आणि राज्यसभेतले १९, असे तुम्ही मिळून ६७ जण आहात. हा ६७ चा आकडा मला लहानपणापासून पाठ आहे, पण तो तुमच्यामुळे नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली, तेव्हा तिच्यावरची ६७ माणसं वाचली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. त्या १७६ मध्ये माझे धाकटे काका होते. इंजिनरूममध्ये असायचे.

हे पत्र मात्र खुकरीसाठी नाही, म्हणजे थेट खुकरीसाठी नाही. ते तिच्या आधी पाच-सहा दिवस, देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर बुडालेल्या एका शत्रूच्या पाणबुडीबद्दल आहे. वाचून कपाळाला आठ्या पडतील हे ठाऊक आहे. तरी शेवटपर्यंत वाचा.

पाकिस्तानची गाझी बुडाल्याचं आपल्या सरकारने जाहीर केलं, तो दिवसही ९ डिसेंबरच होता. आमचं घर गुहागर तालुक्यात. ट्रान्झिस्टर वाडीत एकच, तोही शेजारच्यांकडे. बातमी ऐकून आजोबा जवळजवळ पळतच घरी आले आणि म्हणाले, गूळ काढा. काकूचं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. तिनेच ढेप फोडली, पितळेच्या ताटात खडे मांडले आणि वाडीभर फिरून वाटले. मी सात वर्षांचा, तिच्या मागे मागे. पाणबुडी म्हणजे काय हे आम्हा पोरांना कळत नव्हतं. शत्रूचं काहीतरी मोठं बुडालं आणि त्यात आपल्या काकांचा हात असणार, एवढं कळलं होतं. त्याच रात्री नऊच्या आधी खुकरीला टॉर्पेडो लागला. पोस्टमन तार घेऊन आला तो पुढे काही दिवसांनी. तार काकूच्या नावाने होती, पण उघडली आजोबांनी. वाचली, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आणि दिवेलागणीपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसानंतर कुणीही कुठेही बुडाल्याच्या बातमीवर काकूने तोंड गोड केलेलं मला आठवत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत बातमी आली की आपल्या नौदलाने खोल पाण्यातल्या बचावासाठी घेतलेल्या नव्या यानाच्या मदतीने विशाखापट्टणमजवळ गाझीचे अवशेष नेमके शोधले. किनाऱ्यापासून फार लांबही नाहीत. नौदलाने त्यांना हात लावला नाही, आत मेलेल्या माणसांचा मान म्हणून. मी पेपर वाचून दाखवत होतो. काकू मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांच्या माणसांना कळवलं का रे कुणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी अर्ज केले, पत्रं लिहिली. एका कार्यालयाने दोन ओळींत कळवलं की विषय आमच्या अखत्यारीत नाही. दुसऱ्या कार्यालयाने माझा अर्ज पहिल्याकडे पाठवला. म्हणून आता उघड्यावर लिहितो आहे.

गाझीची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण तिच्याभोवती इतके सिनेमे, भाषणं आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप साचले आहेत की मूळ माणसं दिसेनाशी झाली आहेत. बोट मुळात अमेरिकेची. नाव डायब्लो, १९४४ च्या डिसेंबरात पोर्ट्समथच्या गोदीतून पाण्यात सोडलेली. १९६४ मध्ये पाकिस्तानने ती भाडेकराराने घेतली. या उपखंडातली ती पहिली पाणबुडी, आपल्याकडे तेव्हा एकही नव्हती. १९६५ च्या युद्धात ती मुंबईच्या बाहेर दबा धरून होती, हे मुंबईतल्या फार लोकांना ठाऊक नसतं. १९७१ मध्ये पाकिस्तानकडे नव्या फ्रेंच पाणबुड्या आल्या होत्या. खुकरी बुडवणारी हंगोर त्यांतलीच. पण कराचीहून निघून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात जायचं आणि तिथे टिकून राहायचं, तर एवढा पल्ला एकट्या जुन्या गाझीचाच होता. १४ नोव्हेंबरला ती कराचीहून निघाली. कमांडर जफर मुहम्मद खान तिचे कप्तान. काम एक, आपली विमानवाहू नौका विक्रांत हिला गाठायचं आणि बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरायचे.

विक्रांत तिथे नव्हतीच. बॉयलरला भेग गेल्यामुळे तिचा वेग बेताचा, म्हणून व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी तिला अंदमानच्या एका आडबाजूच्या खाडीत लपवलं होतं. विशाखापट्टणमला राजपूत नावाची म्हातारी विनाशिका होती, निवृत्तीला टेकलेली. तिला विक्रांतचं सोंग दिलं. ती बिनतारी संदेशांचा असा गोंगाट करत राहिली की ऐकणाऱ्याला वाटावं, मोठं जहाज इथेच आहे. बाजारातून मोठ्या ताफ्याला लागेल एवढं धान्य आणि भाजी मागवली गेली, म्हणजे बातमी जिथे पोचायला हवी तिथे पोचेल. विक्रांतवरच्या एका खलाशाच्या आईच्या प्रकृतीची चौकशी करणारी साधी तारसुद्धा मुद्दाम उघड्या संदेशातून पाठवली. मला या सगळ्यात ती तारच जास्त आवडते. आईच्या दुखण्याची तार खोटी असेल असं कुणाला वाटेल?

३ डिसेंबरच्या मध्यरात्री राजपूत बंदराबाहेर पडली. तिचे कप्तान लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांना पुढे पाण्यात खळबळ दिसली, त्यांनी पाण्यात खोलवर फुटणारे डेप्थ चार्ज टाकले आणि राजपूत पुढे निघून गेली. थोड्या वेळाने असा धमाका झाला की शहरातल्या घरांच्या खिडक्या हादरल्या. सकाळी मासेमारांना तेलाचा तवंग आणि तरंगणारं सामान सापडलं. निस्तार या बचावनौकेवरच्या गोताखोरांनी खाली उतरून खात्री केली, ही गाझीच. आत नव्वदच्या वर माणसं होती. आपल्या वर्तमानपत्रांत कधी ९२ छापतात, कधी ९३. एक माणूस इकडे किंवा तिकडे.

म्हणून 'गाझी सापडली' ही बातमी मला थोडी विचित्र वाटते. १९७१ मध्ये ती मासेमारांना सापडली, मग गोताखोरांना. २००३ मध्ये नौदलाचे पाणबुडे पुन्हा खाली गेले. २०२४ मध्ये तिसऱ्यांदा सापडली. तीनदा सापडली आणि एकदाही तिची व्यवस्था लागली नाही.

तिथेच जवळपास दुसरीही एक आहे. तिच्याबद्दल तर कुणी बोलतसुद्धा नाही. जपानची आरओ-११०. ११ फेब्रुवारी १९४४ रोजी तिने कोलंबोहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या जहाजांच्या काफिल्यावर हल्ला केला. काफिल्याच्या राखणीला रॉयल इंडियन नेव्हीची जमना आणि ऑस्ट्रेलियाच्या लाँसेस्टन आणि इप्सविच या नौका होत्या. तिघींनी मिळून ती बुडवली. ४७ जपानी खलाशी गेले. त्या काळच्या रॉयल इंडियन नेव्हीत आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी भरपूर असत, जमनावरही कुणी ना कुणी असणारच. गाझीच्या वेळीच आरओ-११० चाही ठाव लागल्याचं छापून आलं. त्याला शेवटच्या परिच्छेदातली एक ओळ मिळाली.

आता तक्रारी.

सगळ्यात मोठी तक्रार कायद्याची आहे. या दोन्ही बोटी आज कायद्याच्या दृष्टीने काय आहेत, हे मला कुणी सांगू शकलं नाही. स्मारक म्हणाल, तर १९५८ च्या आपल्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याला १०० वर्षांचं वय लागतं. पाण्याखालच्या वारशाबद्दल युनेस्कोचा २००१ चा करार आहे. त्यावर भारताने अजून मोहोर उमटवलेली नाही, आणि उमटवली तरी तिथेही अट १०० वर्षांचीच. म्हणजे आरओ-११० ला २०४४ पर्यंत थांबायचं आणि गाझीला २०७१ पर्यंत. तोवर ते काय, भंगार? ब्रिटनने १९८६ मध्येच बुडालेल्या युद्धनौकांतल्या लष्करी अवशेषांसाठी वेगळा कायदा केला. अमेरिकेने २००४ मध्ये केला. त्यांत वर्षं मोजत बसायची गरज नाही. आपल्याला ७,५०० किलोमीटरहून लांब किनारा आहे आणि तरी याबद्दल एक कलम नाही.

काय होणार आहे पाण्याखाली, असं म्हणू नका. जावाच्या समुद्रात काय झालं ते बघा. १९४२ मध्ये बुडालेल्या डच नौका, डी रॉयटर आणि जावा. २०१६ मध्ये शोधपथक खाली गेलं तेव्हा त्या जागी नव्हत्याच. तळावर नुसते त्यांच्या आकाराचे खळगे. अमेरिकेची पर्च ही पाणबुडीही तशीच नाहीशी झालेली. माणसांच्या हाडांसकट अख्ख्या बोटी कापून नेल्या. पितळी पंखे, तांबं, पोलाद, कशालाही बाजारात भाव येतो. गाझी तर किनाऱ्याच्या एवढी जवळ आहे की तिच्यावर डोळा ठेवायला दुर्बीणही लागू नये. सध्या ती नौदलाच्या शिस्तीमुळे सुरक्षित आहे आणि त्याबद्दल नौदलाला मनापासून सलाम. पण परंपरा बदली होऊन येणाऱ्या अधिकाऱ्यांवर अवलंबून असते.

दुसरी गोष्ट कागदांची. २०१० मध्ये बातमी छापून आली की गाझी बुडाल्याच्या घटनेच्या आपल्याकडच्या नोंदी फार पूर्वीच नष्ट केल्या गेल्या. ती वाचून मला पहिल्यांदा राग आला आणि मग हसू. आमच्या गावच्या सोसायटीत १९५२ सालची खतवाटपाची वही अजून जपून ठेवली आहे.

नोंदी म्हणजे नुसता कागद नव्हे, हे समजायला ग्रेबॅक या अमेरिकन पाणबुडीचं उदाहरण पुरे. १९४४ च्या फेब्रुवारीत ती ओकिनावाजवळ ८० माणसांसह बुडाली. युद्धानंतर जपानी कागदांचं भाषांतर करताना रेखांशातला एक आकडा चुकला. फक्त एक. त्यामुळे अमेरिकेच्या नौदलाच्या नोंदीत ती भलत्याच ठिकाणी बुडालेली राहिली आणि पाऊणशे वर्षं कुणाला सापडली नाही. मूळ जपानी कागद शिल्लक होता, तो एका जपानी माणसाने पुन्हा नीट वाचला, चूक पकडली आणि २०१९ मध्ये बोट सापडली. मूळ कागद जाळला असता तर? आपल्याकडे चूक पकडायलासुद्धा काही ठेवलेलं नाही, अशी शंका आहे.

याला लागूनच, गाझी नक्की कशाने बुडाली याचा वाद. राजपूतच्या डेप्थ चार्जनी, की स्वतःच पेरलेल्या सुरुंगाने, की आतल्या बॅटऱ्यांतल्या वायूच्या स्फोटाने? आपण म्हणतो आम्ही बुडवली, पाकिस्तान म्हणतं अपघात झाला. बोटीचा पुढचा भाग आतून बाहेरच्या बाजूला फुटल्यासारखा दिसतो, असं सांगणारे आपल्याच नौदलातले लोक आहेत. माझं मत विचाराल तर या वादात आपण उगाच छाती पुढे काढून बसलो आहोत. विक्रांत वाचली ती कृष्णन यांच्या सोंगामुळे. गाझी तीन हजार मैल कापून चुकीच्या जागी आली, तिथेच आपण जिंकलो होतो. शेवटचा धमाका कुणाचा होता याने त्यात काही कमी होत नाही. मग खरं काय ते बाहेर यायला भीती कसली? जे सैनिक त्या रात्री राजपूतवर होते त्यांचाही तो हक्क आहे.

आणि विक्रांतचं आपण काय केलं, हेही या निमित्ताने बोलायला हवं. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी मुलाला घेऊन गेलो होतो, धावपट्टीवर उभं राहून त्याने विचारलं होतं, "बाबा, हिला कुणी मारायला आलं होतं का?" २०१४ मध्ये तिला मुंबईतल्याच दारूखान्याच्या जहाजतोडणी गोदीत नेऊन तोडली. कोर्टकचेऱ्या झाल्या, खर्चाचे हिशेब झाले आणि लोखंड विकलं गेलं. जिला शोधत गाझी आली ती गेली भंगारात, आणि शोधणारी अजून तळाशी शाबूत आहे. तुमच्यापैकी काही जण तेव्हाही खासदार होते.

कुणी म्हणेल, शत्रूच्या थडग्यासाठी एवढी कळकळ कशाला? हा प्रश्न मला घरातही विचारला गेला आहे, माझ्या धाकट्या भावाने विचारला. त्याला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. खुकरी दीवपासून ४० सागरी मैलांच्या आसपास आहे. म्हणजे १२ मैलांच्या आपल्या हद्दीच्या बाहेर. तिथे आपले किनाऱ्याचे कायदे जसेच्या तसे चालत नाहीत. कुणा परदेशी क्रेनच्या जहाजाने उद्या तिथे नांगर टाकला, तर आपण जगाकडे बोट दाखवून काय म्हणणार? युद्धात बुडालेली नौका म्हणजे कबर, तिला हात लावू नये, असंच ना? ते म्हणायचं तर आधी आपल्या हद्दीत, आपल्या अंगणात, तो नियम पाळलेला असायला हवा. गाझी आणि आरओ-११० आपल्या अंगणात आहेत. हंगोर आज कराचीच्या संग्रहालयात रंगरंगोटी करून उभी आहे, शाळेच्या सहली तिच्यात जातात. त्या पोरांना खुकरीबद्दल काय सांगतात, मला माहीत नाही. आपण काय सांगायचं ते तर आपल्या हातात आहे.

मागच्या हिवाळ्यात मी विशाखापट्टणमला गेलो. तिथे रामकृष्ण बीचवर आपली कुरसुरा ही पाणबुडी वाळूवर आणून संग्रहालय केली आहे. तिची लांबी ९१ मीटर, गाझीची ९५. तेव्हा म्हटलं, आत जाऊन एकदा चालून बघू. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि ती वेळ तरी गोल दारांतून वाकून जाण्यात जाते. टॉर्पेडोच्या वर झोपायच्या फळ्या. माझी पाठ त्यात मावेना. पितळी चाकं लोकांच्या हातांनी घासून गुळगुळीत झालेली. इतक्या वर्षांनीही तेलाचा वास येत होता. काकांच्या ट्रंकेला असाच वास होता, ती घरी परत आली तेव्हा. बाहेर येऊन मी कठड्याशी उभा राहिलो. समोर जहाजं रांगेत थांबलेली, पोरं भुट्टे खात होती. त्या पाण्याखाली काय आहे हे सांगणारी एक पाटीसुद्धा मला किनाऱ्यावर दिसली नाही. विजयाचं स्मारक आहे, आणि ते असायलाच हवं.

माणसं जेव्हा मनावर घेतात तेव्हा काय होतं तेही सांगतो. ग्रुनियन नावाची अमेरिकन पाणबुडी १९४२ च्या जुलैत अलास्काच्या टोकाला किस्का बेटाजवळ ७० माणसांसह गडप झाली. तिच्या कप्तानाच्या तीन मुलांनी, स्वतः म्हातारे झाल्यावर, स्वतःच्या पैशाने शोध घेतला आणि २००६ मध्ये ती सापडली. बोट सापडल्यावर काम संपलं असं कुणी म्हटलं नाही. काही बायकांनी फोन आणि पत्रं करकरून त्या ७० पैकी प्रत्येकाच्या घरच्यांचा पत्ता लावला. सगळ्या ७० जणांच्या. ऑस्ट्रेलियाची एई-१ ही १९१४ मध्ये ३५ जणांसह नाहीशी झालेली पाणबुडी २०१७ मध्ये पापुआ न्यू गिनीजवळ सापडली. तिची नेमकी जागा जाहीर केली नाही, कारण ती कबर आहे. काकूचा प्रश्न जगात इतरांनाही पडलेला आहे, आणि त्यांनी त्याचं काहीतरी केलं आहे.

आपल्याकडे आता साधनंही कमी नाहीत. ज्या निस्तारच्या गोताखोरांनी १९७१ मध्ये गाझी पाहिली, तिच्याच नावाची नवी निस्तार २०२५ च्या जुलैत विशाखापट्टणमला नौदलात आली. आणि आपल्या महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर निवतीच्या खडकांजवळ नौदलातून निवृत्त झालेली गुलदार ही नौका बुडवून पर्यटकांना पाण्याखाली जहाज दाखवायची योजना सरकारने हाती घेतली आहे. माझा तिला विरोध नाही, सिंधुदुर्गातल्या पोरांना काम मिळेल. पण ज्या जहाजात कुणी मेलेलं नाही ते बुडवून दाखवणं वेगळं, आणि ज्यात माणसं आहेत ते वेगळं, हा फरक कागदावर लिहून ठेवला नाही तर दहा वर्षांनी कुणीतरी गाझीच्या पोटात डुबकी मारायची तिकिटं काढेल.

म्हणून मागण्या. चारच आहेत.

१. युद्धात बुडालेल्या नौका आणि पाणबुड्यांना, मग त्या कोणत्याही देशाच्या असोत, युद्धसमाधी म्हणून संरक्षण देणारा कायदा करावा. त्यात वयाची अट नको. परवानगीशिवाय तिथे उतरणं, काही उचलणं, तळ खरवडणारी जाळी ओढणं, सगळ्याला बंदी हवी. मासेमारांचं नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्याशी आधी बोलून टाळायचा पट्टा ठरवावा. जाळं अडकून फाटलं की हजारो रुपये जातात, त्यामुळे तो पट्टा त्यांनाही हवाच असेल. सरकार विधेयक आणत नसेल तर तुमच्यापैकी मंत्री नसलेला कुणीही एक जण खासगी विधेयक मांडू शकतो. एवढा अधिकार तुमच्याकडे आहे.

२. गाझी आणि आरओ-११० यांच्यासंबंधी सरकारकडे जे काही शिल्लक आहे, म्हणजे गोताखोरांचे अहवाल, छायाचित्रं, राजपूतच्या नोंदी, ते सगळं राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवून अभ्यासकांना खुलं करावं. जे नष्ट झालं असेल, ते कधी आणि कुणाच्या आदेशाने झालं हे संसदेत लेखी सांगावं. हा साधा अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा प्रश्न आहे.

३. दोन्ही बोटींची जागा आणि स्थिती पाकिस्तान आणि जपानच्या सरकारांना अधिकृतपणे कळवावी, त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोचवण्याच्या विनंतीसह. आधीच कळवलं असेल तर तसं सांगा, मी ही मागणी मागे घेतो आणि काकूला जाऊन सांगतो. यात कुणाशी मैत्री करा असं मी म्हणत नाही. सीमेवर जे चाललं आहे ते मलाही दिसतं. पण १९७१ चं युद्ध संपलं आहे आणि त्या बोटीतली माणसं आता कुणावर टॉर्पेडो सोडणार नाहीत. नेमकी जागा लोकांसाठी जाहीर करू नये, एई-१ ची केली नाही तशीच.

४. खुकरीच्या जागेवर वर्षातून एकदा, ९ डिसेंबरला किंवा समुद्र परवानगी देईल त्या दिवशी, नौदलाच्या नौकेतून घरच्या माणसांना नेण्याची कायमची सोय व्हावी. दीवच्या टेकडीवर काचेच्या पेटीतली खुकरीची प्रतिकृती आम्ही पाहिली आहे, तिथे हात जोडले आहेत. कप्तान मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे आणि त्यांचा अभिमान आहे. पण समुद्रात जिथे माणूस गेला तिथे एक नारळ सोडायचा राहून गेला आहे. काकू दर नारळी पौर्णिमेला गुहागरच्या किनाऱ्यावरून दोन नारळ सोडते, एक सगळ्यांसारखा आणि एक वेगळा. दुसरा कुणासाठी हे कुणी विचारत नाही. तिचं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. ज्या बायका १९७१ मध्ये विशीत होत्या, त्या सगळ्यांचंच. त्यामुळे ही चौथी मागणी पुढच्या लोकसभेवर ढकलता येणार नाही.

मी कुणाच्या पक्षाचा नाही. तुमच्यात कोण सत्तेत आणि कोण विरोधात, याने या पत्रात काही फरक पडत नाही. ६७ पैकी एकाने जरी प्रश्न लावला तरी मला पुरे. खुकरीतून काढलेल्या ६७ जणांना कचाळ या नौकेने दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचललं, तेव्हा त्यांना कोण कुठल्या जिल्ह्याचा हे विचारलं नव्हतं.

उत्तर पाठवणार असाल तर पाकिटावर माझं नाव घालू नका. काकूचं घाला. १९७१ ची तार तिच्या नावाने आली होती आणि उघडली दुसऱ्याने. हे पाकीट तिला उघडू द्या.

आपला,
खुकरीवरच्या एका खलाशाचा पुतण्या
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी